तारनाक्याचा जुना रस्ता नवा होताना

मला रस्त्यांतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी पुण्यात जर्मन शिकवते. पूर्वी माझ्याकडे कवितांच्या ओढीनं येणारी, गाण्यांच्या ओढीनं येणारी अशी मोजकी मुलं असत. परदेशी कंपन्या देशात यायला लागल्या आणि वर्गात अचानक इंजिनिअरांची गर्दी झाली. त्यांना कविता नको होत्या. 'हा नट घट्ट कर' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं, ते त्यांना हवं होतं आणि ते मलाच येत नव्हतं.

अशाच एका विद्यार्थ्यानं माझं नाव हैदराबादच्या एका रस्ते-कंत्राटदाराला दिलं. त्या माणसानं जर्मनीतून जुना रस्ता खरवडणारं यंत्र आणवलं होतं. वापरलेलंच यंत्र, पण चालू. बाहेरून अशी यंत्रं आणायला आता पूर्वीसारखी अडकाठी उरली नव्हती. खरवडलेला माल फेकून न देता तापवून, नवी खडी आणि नवं डांबर मिसळून त्याचाच पुन्हा रस्ता करायचा, असा प्रयोग होता. सरकारी अधिकारी तो बघायला यायचे होते. यंत्राबरोबर एक जर्मन मेकॅनिक आला होता, पण त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो पूर्व जर्मनीतला, शाळेत रशियन शिकलेला. आठवडाभरासाठी दुभाषा हवा होता.

मी हो म्हणाले. थोडी हौस होती. शिवाय हैदराबादेतच, हिमायतनगरला, सुमनआत्या राहत होती आणि तिच्याकडे मी कधीच गेले नव्हते.

हिमायतनगर

सुमनआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. तिच्या सासरची माणसं जुन्या हैदराबाद राज्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत. आत्यानं स्वतः मराठी शाळेत भूगोल शिकवला. आता नवरा नाही, मुलगी परदेशी, वरच्या मजल्यावर भाडेकरू. पत्र लिहिते तेव्हा तिचं मराठी माझ्या आजीसारखं शुद्ध असतं. त्यामुळे दारात रिक्षा थांबली आणि तिनं बोलायला सुरुवात केली, तेव्हा मी गोंधळलेच.

"किती परेशान दिसायलीस गं. बॅग नक्को उचलूस, तो रिक्षावाला आणतो. हात धू, जल्दी. दस्ती देऊ का?"

दस्ती म्हणजे काय ते मला कळेना. मी हलकंसं काहीतरी खायला असेल असं समजून "थोडीशीच दे" म्हणाले. आत्यानं माझ्या हातात रुमाल ठेवला आणि मग बराच वेळ हसत बसली. मी भाषेचं काम करायला आले होते आणि माझ्याच भाषेत, माझ्याच आत्याच्या घरी पहिल्याच वाक्याला अडखळले होते.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि अंबाडीची भाजी. अंबाडीला ती गोंगुरा म्हणते, पण फोडणी आमच्यासारखीच घालते. वर शेंगदाण्याची चटणी, तीही पाण्यासारखी पातळ, इथल्या रीतीची. तिच्या ताटात दोन प्रांत इतके शेजारी शेजारी बसलेले, की भांडण कुठे दिसत नव्हतं. मी तिला विचारलं, तू विचार कुठल्या भाषेत करतेस? ती म्हणाली, कुणाशी भांडायचंय त्यावर आहे.

तारनाका

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची जीप आली. राघवराव नावाचे इंजिनिअर घ्यायला आले होते. पन्नाशीतले, अंगानं बारीक, जन्म हैदराबादचा, घरात तेलुगू. माझ्याशी ते हैदराबादी हिंदीत बोलत. आधी इंग्रजीत सुरू करत, पण चिडले किंवा खूश झाले की लगेच हिंदीवर येत.

शहरातल्या तारनाका भागात, विद्यापीठाच्या अलीकडे, रेल्वेच्या जुन्या वसाहतीजवळ एक आतला रस्ता प्रयोगासाठी घेतला होता. दोन्ही बाजूंना कडुनिंब, बुटके बंगले, आणि मधोमध ते पिवळं धूड उभं. त्याच्या पोटाखाली दातेरी दंडगोल होता. शेजारी ते जर्मन मेकॅनिक, हेर (म्हणजे श्रीयुत) क्राउझे. उंच, पाठीत वाकलेले, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, देवाची कृपा, कुणीतरी बोलणारं आलं. चार दिवस ते हातवाऱ्यांवर काढत होते आणि दहीभाताशिवाय त्यांना काही मागता आलं नव्हतं.

यंत्र सुरू झालं. नारळ खवावा तसा रस्ता खवला जात होता. मागे काळा चुरा पट्ट्यावरून चढून ट्रकमध्ये पडत होता. आवाज एवढा, की क्राउझे माझ्या कानात ओरडत आणि मी राघवरावांच्या कानात. पहिल्या तासातले निम्मे शब्द मी आयुष्यात ऐकले नव्हते. काहींचा अर्थ मी त्यांच्या हातांकडे बघून लावला. बरोबर लावला की नाही, देव जाणे.

थोड्या वेळानं माणसं घराबाहेर आली. कोपऱ्यावरच्या घरातले एक निवृत्त रेल्वे-गार्ड पुढे झाले. त्यांचं म्हणणं, रस्ता चांगला होता, खणता कशाला? राघवरावांनी त्यांना त्यांचंच घर दाखवलं. पूर्वी रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून त्या घरात जावं लागे. थरावर थर चढत गेले आणि आता एक पायरी उतरून जावं लागतं. पावसाचं पाणी सरळ ओसरीत येतं. खरवडून काढल्याशिवाय रस्ता खाली जायचा कसा? एवढं गार्डसाहेबांना पटलं. मग त्यांना कळलं, की जो माल काढला तोच पुन्हा घालणार आहेत, आणि ते पुन्हा बिघडले.

राघवराव म्हणाले, "इडली बच गई तो उपमा नहीं बनाते क्या आप?"

"बनाते," गार्डसाहेब म्हणाले. "मगर घर के लोगां खाते. मेहमान को नहीं देते."

जमलेली माणसं हसली. मीही हसले. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात आणि तो कधीकधी ताज्या पोळीहून चांगला लागतो, पण हे सांगून मला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. खरं तर मला कुठली बाजू हेच कळत नव्हतं. घरपट्टी भरणाऱ्या माणसानं नवा रस्ता मागितला तर त्यात चूक काय? आणि डोंगर फोडून खडी आणायची, परदेशातून तेल आणायचं, आणि रस्त्यात पडलेली तीच खडी, तेच डांबर खड्ड्यात टाकून द्यायचं, हेही शहाणपणाचं दिसत नव्हतं.

तेवढ्यात क्राउझेंनी विचारलं, की हा वरचा थर किती जुना आहे? मी राघवरावांना विचारलं. ते म्हणाले, "ये? ये तो परसोंइच डाले."

मी भाषांतर केलं. क्राउझेंनी पंचा काढला, रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. परवा घातलेला रस्ता आज उकरायचा? त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या देशाबद्दल जे काही उमटलं, ते बघून मलाच लाज वाटली. मग गार्डसाहेबांनी सोडवलं. हैदराबादेत परसों म्हणजे झालेला कुठलाही दिवस. गेला आठवडा, गेलं वर्ष, लग्नाच्या आधीचा काळसुद्धा. हा थर त्यांची मुलगी कॉलेजात गेली तेव्हाचा, आणि आता तिला दोन मुलं आहेत.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

रस्त्याच्या टोकाला, जिथे उतार आहे, तिथे यंत्र खोल उतरलं आणि निघणाऱ्या चुऱ्याचा रंग बदलला. मला फारसं कळलं नसतं, पण क्राउझे खाली वाकले. मुठीत थोडा चुरा घेऊन त्यांनी वास घेतला आणि मला हाक मारली.

"विचारा त्यांना, यात टेअर आहे का?"

टेअर म्हणजे डांबर. हा शब्द मला शाळेपासून येत होता. मी राघवरावांना विचारलं, यात डामर आहे का?

राघवराव हसले. "डामर रोड में डामर नहीं तो क्या रहेगा मैडम? ऊपर से नीचे तक डामरइच डामर है."

मी सांगितलं, वरपासून खालपर्यंत टेअर आहे.

क्राउझेंनी यंत्र बंद केलं. चावी काढून खिशात घातली. म्हणाले, हा माल तापवायचा नाही. कुणीही नाही. मी इथे असेपर्यंत नाही. आणि कडुनिंबाखाली जाऊन बसले.

त्यानंतरचा तासभर कसा गेला, ते सांगणं कठीण आहे. राघवराव मला विचारत, काय झालं? मी क्राउझेंना विचारे. ते सांगत, टेअर विषारी आहे, तापवलं की त्याचा धूर फुप्फुसात बसतो, कॅन्सर होतो, आमच्याकडे बंदी आहे. मी राघवरावांना सांगे, डांबर तापवायला यांच्याकडे बंदी आहे. राघवराव म्हणत, मग जर्मनीत रस्ते कशाचे करतात, साखरेचे? अर्धा रस्ता सोललेला, लोक दारात उभे, शाळेतून परतणारी मुलं खडीवरून घसरत चाललेली. शेवटी राघवराव थंड आवाजात इंग्रजीत म्हणाले, की मॅडमना बहुतेक या कामाचे शब्द येत नाहीत, तर आम्ही मुंबईहून दुसऱ्या कुणाला तरी बोलावून घेऊ.

मला राग आला नाही. मलाही तीच शंका होती.

पुन्हा हिमायतनगर

संध्याकाळी मी शब्दकोश उघडून बसले. टेअर आणि बिटुमेन, दोन वेगळे शब्द. इंग्रजीतही दोन. पण इंग्रजीत सगळे सर्रास 'टार रोड' म्हणतात, आणि हिंदीत, मराठीत दोन्हींसाठी माझ्याकडे एकच शब्द, डांबर. फरक काय, ते कोशात नव्हतं. एकीकडे लिहिलं होतं 'काळा, चिकट पदार्थ', दुसरीकडेही तेच.

आत्या शेजारी वाटाणे सोलत होती. भूगोलाच्या बाईंना मी विचारलं, की डांबर येतं कुठून? ती म्हणाली, मी मुलांना शिकवायचे की खनिज तेल शुद्ध करताना तळाशी जे उरतं ते. मग हात थांबवून म्हणाली, पण आमच्या लहानपणी दगडी कोळशापासून निघालेलंही येत असावं. नक्की आठवत नाही. दोन्ही काळंच असतं गं, काळ्यात काय फरक कळणार?

मी म्हणाले, मला परत जावं लागणार बहुतेक.

"जाशील तेव्हा जाशील. कल सुबह तर ते न्यायला येतायत ना?" ती म्हणाली. "जा. तो जर्मन माणूस तिथं एकटा आहे."

कुकटपल्लीच्या पलीकडे

कंपनीचा हॉट मिक्स प्लांट, म्हणजे खडी आणि डांबर तापवून मिसळायचा कारखाना, कुकटपल्ली ओलांडून कारखाने विरळ होत जातात तिथे होता. मोठमोठे खडक एकमेकांवर तोलून ठेवलेले आणि मधल्या सपाटीवर फिरणारा लोखंडी पिंपासारखा ड्रम, खडीचे ढीग, धुराडं. कुंपणाला लागून मजुरांच्या झोपड्यांची रांग. महबूबनगरकडची माणसं, बहुतेक बायकाच. आदल्या दिवशीचा चुरा इथे आणून टाकलेला होता.

राघवराव माझ्याशी बोलले नाहीत. मी क्राउझेंपाशी गेले आणि म्हणाले, माझ्याकडे दोन शब्दांसाठी एकच शब्द आहे. टेअर आणि बिटुमेन यांतला फरक मला सांगू नका, दाखवा.

त्यांना हे आवडलं. त्यांनी वरच्या थरातला ढेकळाएवढा तुकडा लोखंडी फावड्यावर ठेवला आणि खालून गॅसची ज्योत लावली. रस्त्याचं काम चालू असताना येतो तोच ओळखीचा वास आला. मग उताराच्या टोकाचा, खालच्या थरातला तुकडा ठेवला. तो मऊ झाला, पिवळसर धूर निघाला, आणि मी एकदम माझ्या आईच्या ट्रंकेपाशी उभी होते. शालू, पैठणी, लोकरी शाल, आणि त्यांच्या घड्यांत ठेवलेल्या पांढऱ्या गोळ्या.

"डांबराच्या गोळ्या," मी मराठीत म्हणाले.

पांढऱ्याशुभ्र गोळ्यांना डांबराच्या गोळ्या का म्हणतात, हा प्रश्न मला आयुष्यात पडला नव्हता. त्या कोळशाच्या डांबरातून निघतात म्हणून. गोळ्यांचा जर्मन शब्द मला येत नव्हता, म्हणून क्राउझेंना मी खुणेनं गोळ्या आणि कपडे सांगितले. ते जोरजोरात मान हलवू लागले. हेच टेअर. दुसरं बिटुमेन, तेलाचं, ते तापवायला त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या स्वतःच्या गावाकडचे कितीतरी जुने रस्ते कोळशाच्या टेअरचे. म्हणून तर त्यांना वास ओळखता आला.

मी राघवरावांना बोलावून आणलं. काही न सांगता दोन्ही तुकडे हुंगायला दिले. त्यांनी दुसरा तुकडा पुन्हा एकदा नाकाशी धरला. मग हळूच म्हणाले, "फिनाइल की गोली." डांबराच्या गोळीला त्यांच्या हिंदीत तेच नाव.

म्हणजे कुणीच चुकलं नव्हतं. रस्ता वरून तेलाचा होता आणि टोकाच्या तुकड्यात, अगदी खाली, कोळशाचा. तो कुणी घातला, कधी घातला, कुणालाच सांगता येईना. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला उलट जास्तच गोंधळल्यासारखं झालं. एका शब्दात दोन वस्तू असतात हे कळलं, आता इतर शब्दांचं काय?

राघवराव मात्र कामाचे. त्यांनी लगेच दोन ढीग वेगळे करायला सांगितले. चांगल्या ढिगातला माल वापरायचा. नवी खडी आधी तापवायची, जुना माल ड्रमच्या मध्यावर सोडायचा म्हणजे त्याला ज्योत लागत नाही, आणि वर थोडं मऊ, नवं बिटुमेन, कारण जुनं वयानं कडक झालेलं असतं. वाईट ढीग न तापवता, सिमेंट कालवून, प्लांटच्या आवारातच खाली दाबायचा आणि वरून बंद करायचा. क्राउझे म्हणाले, आम्हीही असंच करतो. जेवताना राघवरावांनी त्यांच्या डब्यातली गोंगुऱ्याची चटणी माझ्या ताटात वाढली. माफी मागितली नाही, चटणीच वाढली.

दुपारी चहा घेताना मला पुन्हा तो वास आला. ट्रंकेचा. ढिगाकडून नाही, झोपड्यांकडून.

मी कुंपणापर्यंत गेले. तीन दगडांच्या चुलीवर भात शिजत होता आणि खाली काळे तुकडे जळत होते. छान जळत होते, हे कबूल केलं पाहिजे. शेजारी आणखी एक घमेलं भरून ठेवलेलं. मी हिंदीत सांगायला लागले. चुलीपाशी बसलेली बाई माझ्याकडे बघून हसली आणि मला बसायला पाट दिला.

राघवरावांना सांगितलं. त्यांनी येऊन तेलुगूत दोन वाक्यं सुनावली. बायकांनी माना हलवल्या. मला त्यातला 'कंपनी' एवढाच शब्द कळला. माल कंपनीचा आहे, नेऊ नका, असं ते म्हणाले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा चुलीपाशी घमेलं नव्हतं, पण वास होता. घमेलं आत लपवलं होतं.

आत्या येते

मी जीप परत हिमायतनगरला पाठवली आणि चिठ्ठी देऊन आत्याला बोलावून घेतलं. तिला तेलुगू येतं. ती सुती इरकल नेसून, छत्री घेऊन आली. प्लांटकडे बघून म्हणाली, भूगोलाच्या पुस्तकात हे नव्हतं.

मला पाट देणाऱ्या त्या बाईचं नाव लक्ष्मम्मा. चाळिशीची असावी, तळपायाच्या कडा डांबरानं कायमच्या काळ्या झालेल्या. आत्या तिच्या चुलीपाशी सरळ जमिनीवर बसली आणि तेलुगूत बोलू लागली. आधी गाव, मग मुलं, मग यंदाचा पाऊस. मी आणि क्राउझे मागे उभे. बऱ्याच वेळानं आत्या मुद्द्यावर आली. हा धूर छातीत बसतो, दुखणं आणतो, वर्षांनी दिसतं पण येतं. कंपनीचा माल म्हणून नाही, तुमच्यासाठी सांगते आहे.

लक्ष्मम्मा ऐकत राहिली. चुलीतले तुकडे तिनं काठीनं बाहेर ओढले आणि मातीत दाबले. मग ती जे बोलली, ते आत्यानं मला थांबत थांबत मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, या वासाचं डांबर तिला माहीत आहे. लग्न होऊन कामाला लागली तेव्हा रस्त्याच्या कडेला पिंपात ते उकळायचे. कधी या वासाचं असायचं, कधी दुसऱ्या. बायका दिवसभर त्या धुरात उभ्या असायच्या, पोटात पोर असतानासुद्धा. तेव्हा कुणी काही बोललं नाही. ती विचारते, मग तेव्हाचं काय?"

क्राउझे मला विचारत होते, ती काय म्हणाली. मी सांगितलं. जर्मनमध्ये ते वाक्य फार छोटं झालं.

क्राउझेंनी मातीत दाबलेल्या तुकड्यांवर बुटानं आणखी माती ओढली. मग म्हणाले, ते शिकाऊ होते तेव्हा त्यांनीही अशीच पिंपं ढवळली होती. त्यांच्याबरोबर जे होते, त्यांतले काही आज आहेत, काही नाहीत. कशानं गेले, कुणी तपासलं नाही. तिला सांगा, मला माहीत नाही. माझं स्वतःचंही मला माहीत नाही.

मी आत्याला सांगितलं, आत्यानं लक्ष्मम्माला. तिनं मान वर करून पहिल्यांदाच त्या उंच, वाकलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन तिनं घमेलं बाहेर आणलं आणि त्यांच्या पायाशी ठेवलं. इतर दोन झोपड्यांतूनही तुकडे बाहेर आले.

भात अर्धा कच्चा होता. क्राउझे लांब ढांगा टाकत शेडकडे गेले. यंत्राचे सुटे भाग ज्या खोक्यांतून जर्मनीहून आले होते, ती पाइनच्या फळ्यांची खोकी त्यांनी पहारेनं फोडली आणि फळ्यांचा भारा खांद्यावर घेऊन आले. राघवराव बघत होते. ती खोकी त्यांना ऑफिसच्या कपाटांसाठी हवी होती, हे मला नंतर कळलं, पण त्यांनी अडवलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी वाईट ढिगाभोवती पत्रे उभे करून घेतले. आम्ही त्याच भाताबरोबर आत्यानं आणलेल्या दशम्या खाल्ल्या. पाइनच्या धुराचा भाताला जरा औषधी वास लागला होता.

परतीच्या वाटेवर आत्या म्हणाली, मी तिला बरोबर सांगितलं ना गं? म्हणजे, विषारी म्हणायला मी जो शब्द वापरला, तो सापाच्या विषाचा आहे. तिला भलतंच वाटलं नसेल ना?

मी म्हणाले, मला नाही माहीत, आत्या.

शेवटचा दिवस, तारनाका

अधिकारी आले. पांढरे शर्ट, काळे गॉगल. ट्रक आले, वाफाळणारा काळा माल पसरणाऱ्या यंत्रात पडला, मागून रोलर फिरला. माझ्या अडाणी डोळ्यांना तो रस्ता नव्या रस्त्यासारखाच दिसला, अगदी तव्यासारखा गुळगुळीत. एक अधिकारी वाकून हात लावून बघत होते आणि विचारत होते, यातला जुना कुठला? कुणालाच दाखवता येईना. राघवराव तृप्त दिसत होते. गार्डसाहेब ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. रस्ता वीतभर खाली गेला होता आणि त्यांच्या ओसरीची पायरी आता रस्त्यापेक्षा वर होती. तरी ते मला म्हणाले, एक बरसात जाने दो, फिर बोलेंगे. मला ते योग्य वाटलं.

रस्ता पसरणाऱ्या यंत्रामागे बायका दाताळी घेऊन कडा सारख्या करत होत्या. त्यांत लक्ष्मम्मा होती. पायांना गोणपाट बांधलेलं, आणि बाकीच्या बायकांसारखं तोंड उघडं न ठेवता तिनं पदर नाकावरून घट्ट ओढून मागे गाठ मारलेली. गरम मालातून निळसर वाफ उठत होती. मी कडेला उभी होते. मला बघून ती जवळ आली, दाताळं टेकवलं, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं:

"अम्मा, ये अच्छा वाला है ना?"

वासात डांबराच्या गोळ्या नव्हत्या, एवढं मी सांगू शकत होते. पुढचं सांगता येत नव्हतं. क्राउझे पलीकडे यंत्रावर वाकलेले होते. मी त्यांना हाक मारून विचारलं. त्यांनी वाफेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, चांगला म्हणू नका. त्याच्यापेक्षा बरा आहे.

मी तिला तसंच सांगितलं. "उससे अच्छा है. अच्छा नहीं, उससे अच्छा."

तिनं मान हलवली, पदराची गाठ सोडून पुन्हा आणखी घट्ट बांधली, आणि रोलर यायच्या आत कड सारखी करायला निघून गेली.